गुरुवारी दुखणारे गुडघे

तुमच्या गावात मनाचा आजार असलेली माणसं किती, असं उद्या कुणी विचारलं तर तुम्ही कुणाचं नाव सांगाल? बहुतेक बसस्टँडवर अंगावर पोतं घेऊन बसणाऱ्या माणसाचं. तो कुणाचा नसतो, म्हणून त्याचं नाव घ्यायला धाडस लागत नाही. घरातलं नाव सांगाल? आमच्या घरातलं नाव आम्ही कित्येक वर्षं घेतलं नाही. आम्ही नुसतं ‘गुडघा’ म्हणायचो.

तो शब्द आम्हाला गयाबाईनं दिला होता.

हिंगोली जिल्ह्यात सेनगावच्या पुढं जीपनं पाऊण तास गेलं की एक सरकारी दवाखाना लागतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा म्हणेल, तिथं झालं असेल, आमच्याकडं नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. गयाबाईचं तेवढं खरं ठेवलं. मी बदलायला निघाले तर म्हणाली, “नगं. लई बदलाबदली केली म्या.”

ती त्या दवाखान्यात परिचर होती. म्हणजे फरशी पुसायची, चादरी मोजायच्या, मेलेल्या माणसाच्या अंगावर चादर ओढायची. पण क्लार्कची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलंच नाही, आणि सातवी शिकलेली गयाबाई केसपेपरच्या खिडकीत बसली. पगार पुसण्याचा, काम लिहिण्याचं. पेन अंबाड्यात खोचलेलं असायचं. शिक्का ती एवढ्या जोरात मारायची की लाकडी फळीला खड्डा पडला होता. खिडकीवर असताना कुणाच्या हातचा चहा घ्यायची नाही. “चहा पिला की रांग वाकडी व्हती,” म्हणायची.

रांगेचा तिचा कायदा एकच होता. लांबचा पहिला. तुम्ही किती वाजता आलात हे तिला ऐकायचं नसे. कुठून आलात ते सांगा. एकदा सोसायटीचे चेअरमन खोकल्याचं औषध घ्यायला आले होते आणि ती एका म्हातारीला पुढं घेत होती. चेअरमन चिडले.

“गयाबाई, मी तासभर झाला उभा हाय.”

“ऱ्हावा की उभं. तुमचे पाय चांगले हायत. हिचे पाच कोस चालून संपले.”

“मी तक्रार करीन. लेखी.”

“करा की. लेखी अर्ज बी याच खिडकीत घेत्यात. पर आधी ही म्हातारी, मंग तुमचा अर्ज.”

रांग हसली. चेअरमन निघून गेले. अर्ज आला की नाही मला ठाऊक नाही.

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जिल्ह्याहून एक गाडी यायची. तिच्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर, एक सिस्टर आणि समुपदेशन करणारी एक ताई. ते मागच्या खोलीत बसायचे. पण तिथं जायला आधी केसपेपर काढावा लागतो, आणि खिडकीसमोर अख्खं गाव उभं. कुणी कुणाची सून आहे, कुणाच्या मुलीचं जमायचं आहे, सगळं सगळ्यांना माहीत. त्या खिडकीत “डोक्याच्या डॉक्टरकडं जायचंय” असं म्हणणारा माणूस आमच्याकडं अजून जन्मायचा आहे.

म्हणून गयाबाई आधीच ओरडायची. माझी सुमनआत्या बाळंतपणानंतर बोलायचीच बंद झाली होती. महिनोन्महिने कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायची. तिला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा खिडकीशी मी नुसतं तिचं नाव सांगितलं. गयाबाईनं एकदा आत्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “गुडघा का गं? एवढ्या लवकर? बाळंतपणात तेल लावलं न्हाई का कोनी? जा, मागच्या खोलीत जा.” आणि वहीत तेच लिहिलं. गुडघेदुखी.

मग कळलं की ती प्रत्येकाला एकेक दुखणं देते. शाळेच्या गुरुजींना रात्ररात्र छातीत धडधडून घाम सुटायचा. त्यांना पित्त मिळालं. “काय गुरुजी, परत पित्त? मिरची कमी करा, मिरची!” बिचारे मिरचीला हातही लावत नव्हते. अडत्याच्या दुकानात पोत्यांची तोंडं शिवणारा ज्ञानबा, त्याच्या कानात माणसं बोलायची, त्याला कंबर. पण जास्त करून गुडघेच. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या भागातल्या माणसांचे गुडघे दुखायचे, आणि इतर दिवशी बरे असायचे.

एका मुलीला तिनं दात दिला होता. त्या मुलीला बघून गेलेले पाहुणे चौकशी करत दवाखान्यात आले.

“बाई, ती पोरगी दर महिन्याला इथं काहून येती?”

“दात,” गयाबाई म्हणाली.

“पर इथं दाताचा डॉक्टरच न्हाई म्हनतेत.”

“म्हनून तर दर महिन्याला यावं लागून राहिलं!”

पाहुण्यांना ते पटलं. लग्न झालं. मुलगी आज वसमतकडं सुखानं नांदते, गोळी घेते, आणि नवऱ्याला सांगून घेते.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण आता मला याचा राग येतो. गाडीबरोबर येणाऱ्या ताईनं गयाबाईला आधीच सांगितलं होतं. मी तिथंच होते. “मावशी, खरा आजार लिहा. पुढं अडचण होईल.” गयाबाईनं पेन अंबाड्यात खोचलं आणि म्हणाली, “ताई, तुमी म्हैन्यातून एकदा येता. मला रोज याच गावात ऱ्हायचं हाय.” तिला त्या वहीचा गर्व होता. वहीला कुणाला हात लावू देत नव्हती. सगळ्या गावाची अब्रू आपल्या अक्षरात बंद आहे, असं तिला वाटायचं. आणि आम्हालाही ते सोयीचं होतं. एकानंही कधी म्हटलं नाही, “गयाबाई, माझं खरं लिहा.” मीही नाही. मोर्च्यांची पत्रकं वाटण्यात माझं लहानपण गेलं, हक्कांच्या घोषणा मला पाठ होत्या, आणि खिडकीसमोर मी ‘गुडघा’ म्हणून मान डोलवत होते.

मार्च संपला आणि वरून कागद आला. नव्या वर्षात दर महिन्याची भेट बंद. कारण एका ओळीत होतं: सदर केंद्रावर मनोरुग्णांची संख्या नगण्य.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर भले गृहस्थ होते, पण थकलेले. त्यांनी कागद वाचून दाखवला.

“नगण्य म्हंजी काय साहेब?” गयाबाईनं विचारलं.

“मोजण्याइतके नाहीत.”

“कोन म्हनतं? मोजलं कोनी?”

डॉक्टरांनी टेबलावरची वही तिच्याकडं फिरवली.

गयाबाई उभी होती ती खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर. तिनं स्वतः पुसलेल्या.

झालं होतं असं. गाडीतल्या डॉक्टरांची स्वतःची नोंद होती, पण ती गाडीबरोबर परत जायची आणि तिच्यातली सगळी माणसं जिल्ह्याच्या दवाखान्याच्या नावावर पडायची. आमच्या दवाखान्याचा महिन्याचा आकडा जायचा तो गयाबाईच्या वहीवरून. म्हणजे ज्ञानबा कागदावर दोन ठिकाणी होता: जिल्ह्याला मनोरुग्ण, आमच्याकडं कंबरदुखी. मग पैसे वाटायला बसलेल्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. तिकडं गर्दी, इकडं शून्य. आमच्या गाडीचे पैसे काढले आणि जिल्ह्याच्या वॉर्डाच्या दुरुस्तीत घातले. छप्पर, फरशी, रंग.

ज्ञानबाला महिन्याला एक इंजेक्शन लागायचं. ते मिळालं की तो सरळ दुकानात जाऊन सुतळी घेऊन बसायचा. त्याच्या शिवलेल्या पोत्यातून सोयाबीनचा दाणा सांडत नाही, असं अडते सांगायचे. इंजेक्शन चुकलं की तो रानात पळायचा, विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. त्याची आई मला एकदा म्हणाली होती, “सुई भेटली की मपलं लेकरू दाव्याला बांधावं लागत न्हाई, बाई.” त्या वर्षाच्या वाटपात पणाला काय लागलं होतं, हे यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही. ते दावं.

कागद आल्याच्या तिसऱ्या दिवशी गयाबाईनं शाळकरी वही विकत घेतली आणि संध्याकाळी दारोदार निघाली. पहिल्या दोन संध्याकाळी मी बरोबर होते. ती ओट्यावर बसायची नाही, पाणी घ्यायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून हळू आवाजात एकच विचारायची. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. “तुमचं खरं दुखनं लिहू का? लिहिलं तर गाडी येईलच असं म्या म्हनत न्हाई. न लिहिलं तर येनार न्हाई, हे पक्कं हाय.”

दारं लागली. एका घरातला बाप म्हणाला, “आमच्या पोरीला काय बी झालं न्हाई. दाखला पाहिजे का?” गुरुजी म्हणाले, “मला विचार करू द्या.” एक बाई तर गयाबाईच्या अंगावर धावली. “सात वरसं झाकलं आन् आता उघडं करून राहिली? तुला लाज हाय का?”

“न्हाई,” गयाबाई म्हणाली. “झाकनं हीच चूक झाली. तुमची न्हाई, मपली.”

त्या बाईनं वही हिसकली. उघडली तर पहिल्या पानावर एकच नाव होतं. गयाबाईचं स्वतःचं. खाली मोठ्या अक्षरात: रडू येते. झोप नाही. विहीर दिसली की उडी मारावी वाटते. चार वर्षांपासून गोळी चालू.

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना खोटी दुखणी वाटणाऱ्या बाईनं स्वतःसाठी खोटं दुखणंसुद्धा ठेवलं नव्हतं. ती केसपेपरच काढत नव्हती. सगळे गेल्यावर मागच्या खोलीत जायची. धावून आलेल्या त्या बाईनं वही परत दिली. म्हणाली, “लिही. मपलं बी लिही.”

ज्ञानबाच्या आईनं तर विचारायच्या आधीच सांगितलं. “लिही, आन् वरी लिही. झाकायचं काय त्यात? सगळ्या गावानं त्याला बांधलेला पाहिला हाय.” सुमनआत्यानं स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. मला विचारलं नाही.

वही घेऊन गयाबाई वरच्या ऑफिसात गेली. कागद वाचायला कुणी पाहिजे म्हणून मला नेलं. साहेब तरुण होते, सभ्य होते, त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. वाईट वागले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

“मावशी, पैसा थोडा आहे,” ते म्हणाले. “जिथं रुग्ण जास्त, तिथं जास्त द्यायचा. यात अन्याय काय झाला?”

“साहेब, तिथं रुग्न जास्त काहून हायत? तिथं डॉक्टर हाय म्हनून. आमच्याकडं डॉक्टर न्हाई म्हनून रुग्न न्हाई, आन् रुग्न न्हाई म्हनून डॉक्टर न्हाई. ज्याच्या हिरीला पानी हाय त्यालाच तुमी मोटार देता. कोरड्यावाल्याला म्हनता, आधी पानी दाखव.”

“वॉर्डाचं छप्पर गळत होतं. रुग्ण ओल्यात झोपत होते. तेही खरंच आहे ना?”

“खरं हाय. दोनी खरं हाय. मंग ते छप्पर आन् मपला ज्ञानबा, यांच्यात भांडन कोनी लावलं?”

साहेबांनी शाळकरी वही चाळली. पहिल्या पानावर थांबले, मग गयाबाईकडं बघणं टाळत पुढं गेले. प्रत्येक नावापुढं तिनं किती कोसांवरून माणूस येतं ते लिहिलं होतं. तेवढंच तिला महत्त्वाचं वाटलं होतं.

“हे अंतर कशाला?”

“लांबचा पहिला. जो येऊ शकत न्हाई, त्याच्याकडं आधी जायचं. पैसा तसा वाटा.”

“पण मावशी, न आलेल्या माणसाची नोंद कशी करायची? आमच्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही.”

हे वाक्य मी अजून विसरले नाही. माणसं आहेत, आजार आहे, औषध आहे, औषध देणारी गाडीसुद्धा आहे. रकाना नाही. एक उभी रेघ मारायची होती. पट्टी आणि पेन. ती रेघ कुणी मारली नाही, म्हणून एका आईनं दावं पुन्हा खुंटीवरून काढलं. आणि याला वाटप म्हणतात. जो आधीच दाराशी पोचला त्याला वाढायचं आणि जो रस्त्यात पडला त्याला विचारायचं, तू पंगतीला का दिसला नाहीस? वर याला नियमही म्हणायचं, आणि नियम म्हटल्यावर कुणीच दोषी नाही.

मंजूर आराखडा बदलता येत नाही, असं साहेबांनी सांगितलं. वहीची पोच मात्र दिली. महिन्याभरानं ऑफिसातून दुसरा कागद आला. गयाबाईला कारणे दाखवा नोटीस. शासकीय नोंदवहीत वर्षानुवर्षं खोट्या नोंदी केल्याबद्दल. जी वही खरी मानून त्यांनी गाडी बंद केली होती, तीच आता खोटी ठरवून तिला पकडलं. गाडी मात्र सुरू झाली नाही.

उत्तर तिनं स्वतः लिहिलं. मला फक्त दाखवलं. त्यात होतं: “गुडघे खरोखर दुखत होते. माणसे पाच-पाच कोस चालून येत होती. तरी खरा आजार लिहिला नाही ही माझी चूक कबूल. क्लार्कचे काम परिचराकडून इतकी वर्षे करून घेतले, त्याचे कारण कोण दाखवणार ते कळावे.” खाली सही, आणि सहीवर दवाखान्याचा शिक्का मारला. डॉक्टर म्हणाले, वैयक्तिक उत्तरावर शिक्का मारत नाहीत. ती म्हणाली, “सवय हाय.”

चौकशी चालूच राहिली. त्या उन्हाळ्यात ज्ञानबाची तीन इंजेक्शनं चुकली. मी त्याला पाहिलं तेव्हा तो गोठ्यात होता, म्हशीच्या शेजारी, पायाला दोर. पोती शिवायची सवय हातात राहिली होती. तो दोराचे पीळ उलगडत बसला होता.

गयाबाई निवृत्त झाली. निरोपाला पेढे नव्हते, कारण चौकशी. तिची पेन्शनही अडकली आहे.

मी तिला शेवटचं पाहिलं ते यंदाच्या थंडीत, सेनगावच्या जीपस्टँडवर, सकाळी. जीपवाल्याशी भांडत होती.

“मधी बसव म्हनते ना त्याला. खिडकीपाशी न्हाई. त्याला रान दिसलं की उतरावं वाटतं.”

“मावशी, मधी तीनच माणसं बसतेत.”

“मंग मी टपावर बसते. तुला काय तकलीफ?”

ज्ञानबा होता, सुमनआत्या होती, गुरुजी होते, आणि माझ्या ओळखीची नसलेली दोन माणसं. दर महिन्याला ती त्यांना जिल्ह्याला घेऊन जाते. एक अख्खा दिवस, प्रत्येकाची एक मजुरी. वॉर्डाचं छप्पर आता गळत नाही, चांगलं झालंय, असं तिनंच मला सांगितलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

“किती दिवस नेणार मावशी?” मी विचारलं.

“मी म्हातारी झाले. माह्या जिवावर गाडी चालती का?” ती म्हणाली. “पुढच्या वर्षाचं वाटप आता चालू हाय. ग्रामसभेचा ठराव लागतो म्हनतेत. मपल्या गावानं केला. एका गावाच्या कागदाला वर कोनी इचारत न्हाई. तू लिहितीस ना? मंग मपलं कौतुक नको लिहू. कामाचं लिही.”

जीप भरली. ती पुढं बसली, ज्ञानबाची पिशवी मांडीवर घेऊन. मागं वळून एकदा डोकी मोजली. जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली.

तर कामाचं लिहिते. तुमच्या गावाची पुढची ग्रामसभा कधी आहे ते आज विचारा. तिथं उभं राहून मांडा: मनाच्या आजारावरचा पैसा वाटताना दवाखान्यापर्यंत न पोचणारी माणसं आणि त्यांचं अंतर मोजलं पाहिजे, आणि महिन्याची गाडी सगळ्यांत लांबच्या दवाखान्यात आधी आली पाहिजे. लोक हसतील. हसू द्या. हात वर करा, ठराव लिहून घ्या, मोठ्यानं वाचायला लावा, आणि सही-शिक्क्याची नक्कल हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.